उलट्या आट्याचा

इब्री, सनाया. दुपारचा दीड.
पत्र्याखाली सावली आहे, तीही तापलेली.
जॅकवर सालेमचा पिकअप, हौद्यात अजून
बकऱ्यांच्या लेंड्या आणि वाळका लसूणघास.

स्प्रिंगच्या हँगरचा बोल्ट चेसिसमध्ये मोडला होता,
डोकं उडालेलं, धड आत.
तन्वीरनं मधोमध भोक पाडलं, एक्स्ट्रॅक्टर ठोकला,
दांडा लावला, आणि जोर केला
विशीतला.
टक्.
एवढंच. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसं.

रेडिओवरचा मल्याळी माणूस तेवढा बोलत राहिला.

एक्स्ट्रॅक्टरचं पोलाद बोल्टाहून कडक.
ड्रिल त्यावर फिरतं, किंचाळतं, टोक निळं पडतं,
हाताला येतो चिमूटभर चुरा.
काढायला गेला तोच आत बसला.
हे मी मनात म्हटलं, आणि पुढचं
मनातसुद्धा म्हटलं नाही.

धाकट्याला सोडवून न्यायला आलो होतो मी, दोन हजार चारला.
पासपोर्ट कफीलाच्या कपाटात, वर आठशे रियाल देणं.
धाकट्याचं आता चिपळुणात पत्र्याचं दुकान आहे.
गणपतीत मखराचा फोटो पाठवतो.

"मामू, पगारातून कापतील?"
"मेणबत्ती आण," म्हटलं.
"मेणबत्ती?"
"लाइट जातात तेव्हाची. टपाखाली असेल."

गुल जमाननं काच खाली ओढली,
मोडक्या तोंडावर नट धरून आतून वेल्ड भरलं.
पहिला नट वेल्डसकट हातात आला.
दुसरा अर्धा आटा फिरला, मग सुटला.
तिसऱ्याला त्यानं आधी थुंकून घेतलं बाजूला
आणि बिस्मिल्ला म्हणाला.

लाली उतरू दिली. मग मेणबत्ती टेकवली.
डिझेल जिथं शिरत नाही तिथं मेण शिरतं.
आयटीआयत हे नव्हतं.
हे बुरैमीत एका बलुची म्हाताऱ्यानं दाखवलं,
त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची.

पाना लावला.
आधी आवळायच्या दिशेनं, केसभर.
मग मागे. मग परत आवळायचं.
घाई केली की संपलं.
कानशिलावरून घाम उतरून दाढीत थांबला,
पुसायला हात मोकळा नव्हता.
कुठंतरी आत, खोल, दाराची बिजागरी कुरकुरली तसं झालं
आणि पाना हलका झाला.

अंगठ्याएवढा निघाला. वर नट, पोटात एक्स्ट्रॅक्टर,
उलट्या आट्यांनी धरून बसलेला.
तन्वीरनं बघायला उचलला, बोटं भाजून घेतली.
टॅप फिरवून भोक साफ केलं,
नवा बोल्ट चिमटीनंच आत गेला,
शेवटी दोन वेळा पाना, बस.

सालेमनं चार रियाल दिले, सीटखालून खजुराची पिशवी.
"खलास?"
"खलास."

तो तुकडा मी निडोच्या डब्यात टाकला, तसाच,
दोघांना वेगळं करत बसलो नाही.

तन्वीर अजून तिथंच: मामू,
सोडवायचं होतं तर आधी आवळलं कशाला?
सांगेन.
जेवून घे आधी, डाळ आंबते इथं.