अकरा शब्द

मी एक्स-रे काढतो, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात.
एकतीस वर्षं तीन वाक्यं बोलतोय:
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
बाहेरच्या बाकड्यावर सुवार्ता दप्तर मांडीवर घेऊन
माझी पाळी संपायची वाट बघायची.
तिथंच शिकली असणार,
कारण क्वायरमधली बाकीची पोरं दमली
तरी ही धरून ठेवायची,
पाळकसाहेब पुस्तकातून मान वर काढेपर्यंत.

मिरजेत गाणाऱ्या पोरीला कुणी अडवत नाही,
फक्त विचारतात, कुणाकडे?
मी सांगायचो, ऑपेरा शिकते.
"म्हणजे संगीत नाटकच की," पानवाला म्हणाला,
"टीव्हीवर बघितलंय. मरताना लई वेळ गातात."

माझा फंड गेला, पाटल्या गेल्या,
आणि जर्मनीतल्या एका गावात, ज्याचं नाव
अजून मला धड घेता येत नाही,
तिला पहिलं काम मिळालं. मोलकरणीचं.
पहिल्या अंकात पत्र आणायचं, तिसऱ्यात दिवा.
मधे अकरा शब्द. फोनवर मी मोजले.

"एवढं शिकून मोलकरीण?" तिची आई बोलून गेली
आणि मग भाकरी तव्यावर करपेपर्यंत गप्प.
तिची स्वतःची आई मिशनच्या बंगल्यात
मडमेचा पियानो पुसायची,
झाकण लावून.

तेवीस प्रयोग झाले. फेब्रुवारीत आवाज बसला.
तिथला डॉक्टर म्हणाला, स्वरतंतूंवर गाठी,
सहा आठवडे शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही.
घरी आली. गळ्यात मफलर, हातात पाटी.
जेवताना पाटीवर लिहायची: मीठ.
एकदा लिहिलं: बाबा, असे बघू नका.

रात्री मी तिची जुनी फिल्म उजेडाला धरली,
बारावीतल्या न्यूमोनियाची.
फासळ्या, काळजाची सावली,
काढायचा राहून गेलेला छोटा क्रूस.
आवाज फिल्मवर येत नाही.
हे मला कुणी सांगायला नको होतं.

दुपारी ती दस्तगीरचाचांच्या दुकानात जाऊन बसायची.
चाचा तंबोऱ्याची जवारी काढत असायचे,
तारेखालचा दोरा केसभर पुढं, केसभर मागं,
कान घोडीला लावून.
"भोपळा चांगला, तार चांगली," ते म्हणायचे
(तिला की तंबोऱ्याला, कोण जाणे),
"पण घाई केली की बद्द बोलतंय."

बेचाळिसावा दिवस संपला तेव्हा
मी तिला न्यायला गेलो होतो.
तबली न बसवलेल्या उघड्या भोपळ्यात
तोंड घालून ती वाकली होती.
आधी काहीच नाही. रस्त्यावर रिक्षा, लाकडाचा भुसा.
मग भोपळाच गुणगुणला,
पितळेच्या घागरीत पाणी पडायला लागावं तसा.
चाचांनी हात वर केला.
"बस. आज एवढंच."
आणि पुन्हा कानशीने घोडी घासायला लागले.

परवा तिचा फोन आला. नवा हंगाम, नवा खेळ,
पुन्हा मोलकरीणच,
पण आता चौदा शब्द आहेत.
"तीन वाढले," आई म्हणाली, पगारवाढ सांगावी तशी.

आज सकाळी बेडगच्या एका म्हाताऱ्याला
मी म्हणालो, श्वास घ्या. धरून ठेवा.
आणि पुढचं म्हणायचंच विसरलो.
बिचारा छाती फुगवून, हनुवटी फळीवर टेकून
तसाच उभा राहिला.