दोन वाजून सात मिनिटं

उठल्यावर सर्व्हरनं आपल्या वहीत एकच ओळ लिहिली होती:
यापूर्वीचं बंद होणं अनपेक्षित होतं.
बस्स.
दोन वाजून सहा मिनिटांपर्यंत सगळं जिथल्या तिथं,
आवर्त ठेवींचं व्याज मोजून होत आलेलं,
मग एकदम दोन अकरा.
मधल्या चार-पाच मिनिटांबद्दल कोण सांगणार?
लिहिणाराच पडला होता.

मी आधी दस्तगीरला विचारलं.
खणभागातल्या या पतसंस्थेत रात्री तोच असतो,
आणि त्याची चहाची शेगडी विजेवरची.
"पोरांची शपथ सायेब, त्या खोलीची किल्लीच माझ्याकडं न्हाई."
मग किल्ली कोणाकडं, म्हणून पाऊण तास शोधाशोध.
माझ्याच जुडग्यात निघाली.

मे महिना, सांगली, बाहेर एक्केचाळीस,
पण खोलीत चोवीसच्या वर पारा गेलेलाच नाही.
रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या,
आपल्याकडं सगळेच घासतात तशा.
रात्रभर चाचणी चालवली. एक अक्षर चुकलं नाही.
उपाध्ये साहेब म्हणाले, महावितरण लिहून टाका की,
त्यांना कोण विचारायला जातंय.
मी गेलो. फीडरवर त्या रात्री
साधी पापणीसुद्धा लवली नव्हती.

मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून
मगदूम बाईंच्या लाल पेनानं गोल केले:
अठरा मार्च. एक एप्रिल. पंधरा. एकोणतीस.
एक मंगळवार सोडून एक मंगळवार.
माणूस इतका नेमाचा नसतो,
दस्तगीर तर नाहीच नाही.
हे कुणीतरी सांगून ठेवलेलं काम होतं.

म्हणून तेरा तारखेला स्टूल टाकून बसलो.
दीडला डास. दोनला गुडघे.
दोन सातला
यूपीएसच्या पोटात खट्.
हिरवा दिवा पिवळा झाला
आणि पंखे उतरत गेले एकेक सूर खाली,
जिन्यावरून कोणी दमून उतरावं तसे.
काळोख फक्त त्या कपाटात. बाहेर ट्यूब जळत होती.

वीज होती. भिंतीत भरपूर वीज होती.
त्यानं आपणहून हात सोडला होता,
दहा सेकंदांपुरता, दर चौदा दिवसांनी,
बघायला की वेळ आलीच तर
हे ओझं आपल्याला पेलेल का.

झाकण उघडलं.
चार बॅटऱ्या, पोटं फुगलेल्या,
आणि चौथीवर चिकटपट्टीखाली बॉलपेननं:
तात्पुरत्या. नव्या आल्या की बदलणे.
सप्टेंबर एकोणीस.

तो महिना आठवला.
पाणी तिसऱ्या पायरीवरून काउंटरवर आलेलं,
गच्चीवर दोरीला खातेवह्या वाळत घातलेल्या,
पानं सोडवायला मगदूम बाईंची विणायची सुई.
सांगलीत बॅटरी मिळेना, कोल्हापूरही पाण्यात,
मी जतच्या एका टॉवरवाल्याकडून
ह्या उतरवलेल्या आणल्या, टेम्पोत मांडीवर घेऊन.
नवव्या दिवशी संस्था उघडली.
अध्यक्षांनी जिलेबी वाटली, माझ्या पाठीवर थाप मारली.
त्या थापेनंतर
मला वाटतं मी हे वाक्य विसरलो.

अक्षर माझंच. त्याचा 'ळ' असा तुटका
दुसरं कुणी काढत नाही.
अरे, पण त्या ओळीत 'ळ' कुठंय?
तरीही शोधत राहिलो,
तेवढीच एक पळवाट.

अहवालाचा कागद पुढं घेतला.
कारण, आणि पुढं दोन टिंबं.
तीन वाजता दस्तगीर चहा घेऊन आला.
"घावलं का सायेब?"
"घावलं."
"कोण हुतं?"
मी म्हणालो, बॅटरी.
त्यानं बशी सरळ केली, सांडलेलं फडक्यानं पुसलं,
आणि जाता जाता म्हणाला,
"मला वाटलं, किल्लीवाला असंल."