दीर्घ ऊ

वाशीला, महापालिकेच्या रुग्णालयात, तळमजल्यावर
सकाळी साडेआठला मेणाचे ठोकळे येतात माझ्याकडे.
आत कुणाचं पित्ताशय, कुणाच्या मानेतली गाठ,
कोपरखैरण्याच्या कुणा मुलाचं अपेंडिक्स.
बर्फावर ठेवतो, पात्यासमोर धरतो, चाक फिरवतो.
तीन मायक्रॉन.
रिबीन निघते, कोमट पाण्यावर पसरते
सायीसारखी. ती काचेवर उचलायची,
श्वास रोखून.

आज एकोणिसाव्या ठोकळ्यासोबतच्या कागदावर:
कुमुदिनी भोपी, वय एकाहत्तर, घणसोली.
उजवं फुप्फुस, खालचा भाग.

नववी ब. बाई पिशवीतून तिवराची मुळं काढायच्या,
खाडीतून स्वतः कापून आणलेली, चिखलासकट,
पेन्सिलीएवढी, टोकं वर.
आम्ही निवट्या पकडणारी पोरं,
आम्हाला वाटायचं ती टोचायलाच उगवतात.
‘भरतीत सगळं बुडतं, तेव्हा हे झाड नाक कुठे ठेवतं?’
दाढीच्या ब्लेडने आडवा छेद घेतला.
आत जाळी, जाळीत पोकळ्या,
पोकळ्यांत ओहोटीला भरून ठेवलेली हवा.

मी वहीत लिहिलं: उती.
लाल शाईत उत्तर आलं:
‘मढवी, दीर्घ ऊ.
ऊत म्हणजे विणलेलं. ओतप्रोत म्हणतोस ना, त्यातलंच.
नखापासून नाकापर्यंत विणायचंय तिला,
ऱ्हस्वात कसं भागेल?’

मग फळ्यावर झाड.
शेंड्याला फुटत राहणाऱ्या, त्यांना थांबणं माहीत नाही.
देठाला वाऱ्यात वाकू देणाऱ्या.
पाणी वर चढवणाऱ्या, नारळाच्या करवंटीतल्या,
यांतल्या बऱ्याचशा मेलेल्या असतात, बाई म्हणाल्या,
आणि मेल्यावरच कामाला लागतात.
माणसात चारच, पाठ करा:
अस्तर घालणं, सांधणं, ओढणं, निरोप नेणं.

तीन मायक्रॉन. हात तोच, चाक तेच.
पहिली रिबीन फाटली.
तेवीस वर्षांत फाटल्या नाहीत असं नाही.

जांभळा रंग, मग गुलाबी.
रंग नीट चढला का, एवढंच बघायची मुभा आहे मला.
बघितलं.
जाळी. पोकळ्या. त्यांचं एकपदरी अस्तर,
इतकं बारीक की हवेला भिंत वाटू नये.
एका कोपऱ्यात दाटी.
दाटी सुजेचीही असते.
वाचायचं काम सबनीस मॅडमचं,
निरोप नेणारे आणखी वेगळे.
मी अस्तराच्या अलीकडचा.

रजिस्टरच्या रकान्यावर छापलंय: ‘उतीचा प्रकार’.
इतकी वर्षं खाली भरत आलो, वर पाहिलं नाही.
आज पेन उघडलं, लाल नव्हतं, निळंच होतं,
आणि त्या उला त्याचा फरकाटा दिला.
आधीची पानं चाळली. पुष्कळ आहेत.
जेवणाच्या सुट्टीत करीन म्हटलं.

विसावा ठोकळा बर्फावर ठेवला.