एका बाजूला किती मावतं

पिह्ला चौदा गाणी घेऊन आली,
नोव्हेंबरातल्या दुपारी चारला, म्हणजे अंधारातच.
टाम्पेरेच्या जुन्या कापडगिरणीत, तळघरात माझी खोली.
पायऱ्यांवर तिनं बुटांचा बर्फ झाडला
आणि विचारलं, चौदा बसतील ना?

बसतात.
आवळून बांधलं की गाठोड्यात काहीही बसतं.
पण तबकडीला पोट असतं, म्हटलं,
एका बाजूला अठरा मिनिटं, एवढीच तिची भूक.
त्यापुढे वाढत राहिलं की रेघा
एकमेकींना खेटतात, अंग चोरून बसतात,
ढोलाला पाय पसरायला जागा उरत नाही,
आणि गाणं शेजाऱ्याच्या घरातून आल्यासारखं वाजतं.

तिचा मॅनेजर तोर्स्ती फोनवर होता.
त्याला सतरा हवी होती.
तबकडी कोण ऐकतंय, म्हणाला, लोक बोट फिरवतात,
जितकी गाणी तितके पैसे, थेंबे थेंबे तळे साचे.
साचतं ना, मी म्हटलं. डबकंही तसंच साचतं.

कंपनीच्या पत्रात दहा होती.
ड्रमवाल्याला आठ पुरे वाटत होती, त्याचा खांदा दुखायचा.
आणि मी, हिल्का,
चव्वेचाळीस वर्षं नीलमाच्या टोकानं लाखेवर रेघ ओढणारी,
मी अकरा म्हणत होते, कारण
कारण काही नव्हतं. सवय.

मग ऐकायला बसलो. राईचा पाव, कॉफी.
चौथं आणि नववं एकच गाणं होतं,
कोट तेवढा बदललेला.
तिलाही ते माहीत होतं, ती बुटांच्या नाड्यांकडे बघत बसली.
तेरावं आलं ते दुष्काळातलंच.
सातवं पन्नास सेकंदांचं,
सॉनाबाहेरच्या खोलीत फोनवर टिपलेलं:
कुणीतरी भट्टीत लाकूड टाकतं, तिचा भाऊ खोकतो,
आणि ती एकच ओळ गाते, तीही अर्धी.
तोर्स्ती म्हणाला, आधी हे काढा.

मी तिला कोत्काच्या पोरांची गोष्ट सांगितली.
एकोणऐंशी साल. सहा सुंदर गाणी होती त्यांच्याकडे,
कंपनीला दहा हवी होती.
पाहुणे वाढले की रस्सा वाढवतात
तशी हॉटेलात बसून एका रात्रीत चार लिहिली त्यांनी.
पेपरात छापून आलं: सहा गाणी, चार सबबी.

हे मी धडा म्हणून सांगत होते.
सांगता सांगता लक्षात आलं,
ती सहा मला आता आठवत नाहीत.
सबबी मात्र चारही पाठ आहेत.
एकीत तर नुसते
रात्रीच्या बसवाल्याकडे सुट्टे पैसे मागितलेत.
तेवढं मी गिळलं, कॉफीबरोबर.

साडेसहाला तिनं नववं काढलं.
सात वाजता तेरावं.
कागदावर लिहिलं: बारा.
मग सातव्याला गाणं म्हणायचं की नाही ते ठरेना,
म्हणून खोडून लिहिलं: अकरा आणि एक खोकला.

रात्री मी टोक टेकवलं.
लाखेचा काळा केस सुटत गेला, नळीनं ओढून घेतला.
संथ गाणी आत, मध्याजवळ ठेवली,
तिथे वर्तुळ लहान होतं, "स" चिरकतो,
तिथे हळू बोलणाऱ्यांनीच राहावं.
दुसरी बाजू एकोणीस मिनिटांवर गेली. बोलले नाही.
दोन गाण्यांमध्ये मी दोन सेकंद सोडते.
खोकल्यानंतर चार सोडले.
ते कुणी मोजले नाहीत.

काढलेली दोन गाणी ती पेनड्राइव्हमध्ये
माझ्या टेबलावरच विसरून गेली.
परत न्यायला आली नाही, मीही कळवलं नाही.

आज सकाळी भांडी घासताना
तोंडात काहीतरी घोळत होतं.
कढई विसळून होईपर्यंत ओळखू येईना.
तेरावं होतं.