कॉलरचा माइक

एन्रिकोच्या कॉलरला माइक लावताना
माझी बोटं त्याच्या मानेवरच्या गोंदणाला लागली.
तो म्हणाला, गार आहेत.
मी म्हटलं, मुल्डेच्या काठाने चालत आलो, हातमोजे विसरलो.
एवढंच आमचं बोलणं.

मग कॅमेऱ्यासमोर दोन तास:
साक्सनी कुणाची, उपरे कोण,
निर्वासितांच्या वसतिगृहात, जिन्याखाली, पेट्रोल कसं ओतलं,
लायटर कसा... तो त्याने खिशातून काढूनच दाखवला.
टक्.
नुर्तेनने एकही प्रश्न गिळला नाही.
तिचा मामा असल्याच एका जिन्यात गेला,
हे तिने त्याला सांगितलं नाही.

कॉफीची सुट्टी. माइक काढायचा राहिला.
तो आतल्या खोलीत गेला
आणि माझ्या हेडफोनमध्ये
खुर्ची सरकली, कुणी म्हातारं कण्हलं.
"पाय दे, आई. हा नाही, दुखरा."
टक्. टक्.
नखं कापत होता.
"लागलं?"
दोन तासांत त्याने विचारलेला पहिलाच प्रश्न.

रात्री संगणकावर दोन्ही आवाज शेजारी ठेवले.
लायटर. नेलकटर.
रेघ सारखीच, बाभळीच्या काट्यासारखी उभी.
मी म्हटलं, चोरून ऐकलंय, पुसू या.
नुर्तेन बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
"त्याला विचारू. हो म्हणाला तर ठेवू.
राक्षस असता तर माझं काम सोपं होतं."

माझ्या कानांवरचा हेडफोन तिने काढून घेतला,
मागे नेऊन पुन्हा लावलं.
"लागलं?"
पुन्हा.
तिसऱ्यांदा ती ओठांतल्या ओठांत म्हणाली,
हो.