पोचे

धरणगावात जिनिंगच्या भिंतीला टेकून माझं दुकान.
पाटी नाही. पत्र्यावर एक फुटकं बिगुल टांगलंय,
तेवढ्यावरून लोक येतात.

उखर्डू मास्तर आज तांबडं फुटतानाच आले.
सायकलच्या कॅरिअरला गोधडीत गुंडाळलेला युफोनियम,
दवाखान्यात न्यावा तसा, सुतळीनं बांधून.
"पोचा काढी दे भाऊ. सांजले लगीन शे."

कुठला पोचा कुठल्या गावचा, बोट ठेवून सांगतात.
हा एरंडोलचा, ट्रॅक्टरची ट्रॉली मागे सरकली तेव्हा.
हा कानबाईच्या मिरवणुकीतला, शेवाळावर पाय गेला.
हा एसटीच्या टपावरून थेट पारोळा नाक्यावर.
हे तीन एकाच रात्रीचे,
ते विचारू नको.

माझा आजा सांगायचा, खरंखोटं त्याचं त्याला ठाऊक:
गोऱ्या साहेबानं इथं भिल्लांची पलटण उभी केली
आणि पलटणीच्या पुढे बाजा आला.
तिरकमठा ताणणाऱ्या बोटांना
कुणीतरी क्लॅरनेटची भोकं दाखवली.
पलटण गेली. साहेब गेला, त्याची घोडी गेली.
लाल कोट राहिला, खांद्यावरची झालर राहिली,
आता मालेगावचा शिंपी शिवतो, डझनानं.
आणि राहिला डावा पाय.

बघा कधीही.
नवरी उंबरठा ओलांडते उजव्यानं,
नवरदेव पाराला निघतो उजव्यानं,
आणि त्याच्यापुढे चौदा बँडवाल्यांचे
चौदा डावे पाय.
कुणी शिकवलं, कुणालाच माहीत नाही.
शिरपुरात एकदा नवरदेवाची आत्या आडवी झाली,
शुभकार्याला डावा पाय चालणार नाही म्हणाली.
दगा ढोलवाल्यानं प्रयत्न केला, मनापासून केला.
उजवा टाकला तर थाप मागे पडली,
क्लॅरनेट ठेचकाळली,
हुसनोद्दीनची झांज उघडीच राहिली हवेत.
मारुतीपर्यंत वरात लंगडत गेली.
शेवटी आत्याच म्हणाली,
"वाजाडा रे भो, तुमनाच पायवरी."

मी लोखंडी गोळा आत सोडतो, नळीतून फिरवतो,
वरून लाकडी मोगरीनं हळू.
पोचा निघताना पितळ टक्क करतं,
निखळलेला खांदा बसावा तसं.
एक. दोन. चहा. तीन.
दुपारपर्यंत सहा.

सातवा तोंडाच्या घेराशी, अर्ध्या चंद्राएवढा.
मोगरी उचलली तर मास्तरांनी मनगट धरलं.
"तो ऱ्हाऊ दे. घोडीनी लाथ शे."
त्यांच्याच लग्नातली घोडी.
वाजवणारा भाऊबंद तापानं फणफणला होता,
सूर पोकळ निघत होता, ऐकवेना,
म्हणून नवरदेव मुंडावळ्यांसकट खाली उतरला,
युफोनियम गळ्यात घातला आणि रांगेत शिरला.
मोकळी घोडी बिथरली.
मांडवात बायको हसली ती
मरेपर्यंत अधूनमधून हसायची, भाकरी थापताना,
मध्येच, काही कारण नसताना.

"फुकी देखा," मी म्हणालो.
मास्तरांनी तोटी ओठांना लावली.
पुढचे चार दात नाहीत.
नुसता वारा निघाला,
दाराच्या फटीतून येतो तसा.
"आज मी नही वाजाडाव. नातू वाजाडी," म्हणाले,
आणि रस्त्याकडे बघत बसले.

तेवढ्यात डीजेची गाडी गेली.
माझ्या फळीवरचे सगळे गोळे थरथरले,
बिगुलही थरथरलं पत्र्यावर.
गाडी वळल्यावर मी तोटी पुसली, स्वतःच फुंकली.
मला वाजवता येत नाही.
म्हशीसारखा एकच सूर निघाला, जाड, लांब.
मास्तरांचं तोंड रस्त्याकडेच होतं,
पण बाकाखाली त्यांची डावी चप्पल
जमिनीवरून उचलली गेली होती.

पैसे लगीनसराई सरल्यावर.
वहीत लिहिलं:
युफोनियम एक. पोचे सात.
काढले सहा.