तिसऱ्यात बाप मरतो

अवेशानेदातलं जुनं गॅरेज. अठ्ठावीस खुर्च्या,
आणि फरशीत मुरलेलं ऑइल, कितीही घासलं तरी न गेलेलं.
पहिल्या नाटकात बाप कत्तलखान्यातून घरी येतो
तो माझ्या गुडघ्याला घासूनच.
शेजारच्या नेलिदाबाई पाय आखडून घेतात,
जणू घर त्यांचंच आहे
आणि हा रोजच उशिरा येतो.

दुसऱ्यात संप. टेबलावर खरा कांदा.
एउलालिया बोलत काहीच नाही, नुसती चिरत राहते.
तिच्या डोळ्यांत पाणी. आमच्याही.
कोण कशासाठी रडतंय
याचा हिशोब त्या खोलीत कुणी मागत नाही.

मध्यंतरात पुठ्ठ्याच्या कपात वाइन.
मागून कुणी म्हणालं, फारच जहाल आहे हो सगळं.
नेलिदाबाई म्हणाल्या, एकतीस वर्षं आतडी धुतली मी.
वास नाही जमला यांना.
आणि कप माझ्या हातात देऊन
लुगदी झालेलं तिकीट उलगडत बसल्या.

तिसऱ्यात बाप मरतो,
माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर.
पोट हलतंय त्याचं, बारीक.
कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून
मीच श्वास रोखून धरतो.

रात्री एक वाजता बसस्टॉपच्या बाकावर मी,
आणि समोरून तोच येतो,
कानामागे राहिलेला लाल रंग, हातात थंड एम्पानादा.
शेवटची गेली का, विचारतो.
नाही, म्हणतो मी,
आणि फूटपाथ एवढा रुंद असूनही
पाय आखडून घेतो.